पाठीवरचं नाव

गोरेगावला जायला मला एक गाडी हवी होती, एवढंच. दुपारचे अडीच वाजले होते. हिंगोलीच्या स्टँडबाहेर धर्मसिंगभाऊंची जीप रिकामी उभी होती आणि ते बॉनेटला टेकून चहा पीत होते. मागे त्यांच्या नातवाला डेंग्यू झाला तेव्हा मीच पाहिलं होतं, त्यामुळे ओळख जुनी.

"सीटा भरू द्या की साहेब. सेनगावचे चार-दोन येतेतच आता."

"भरू नका. आपण दोघंच जाऊ. आई घरी एकटी आहे."

त्यांनी चहा तसाच ओतून दिला. मी पुढे चढून बसलो. ते माझ्यामागून दार लावायला आले आणि क्षणभर थांबले.

"साहेब, पेन गळून राहिला वाटतं तुमचा."

"मी पेन ठेवत नाही, भाऊ."

"डॉक्टर आन् पेन न्हाई?" ते हसले. "मंग गोळ्या-औषध कशानं लिव्हता?"

"कॉम्प्युटरवर. नाहीतर सिस्टर लिहितात."

"आन् काहून असं?"

जीप निघाली. दिवाळी तोंडावर आली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चालली होती आणि भुसा उडून काचेवर बसत होता. फोन माझ्या मांडीवर होता. मी दर दोन मिनिटांनी घरचा नंबर लावत होतो, घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. पुतणी आरोही शाळेत, भाऊ-वहिनी शेतात, तिथं रेंज नाही, शेजारचे सगळे औंढ्याला दर्शनाला गेलेले. गप्प बसलो असतो तर मी त्या गाडीत ओरडायला लागलो असतो. म्हणून धर्मसिंगभाऊंना सांगायला सुरुवात केली. चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी प्रेमदासलाही नाही.

प्रेमदास म्हणजे माझा मित्र. जवळा बाजारच्या पुढे त्याचा तांडा. आम्ही दोघं बरोबरच डॉक्टर झालो आणि शिकाऊपण अंगावरून उतरलंही नव्हतं तोवर एकवीस सालच्या एप्रिलमध्ये एका कोविड सेंटरच्या अतिदक्षता विभागात उभे केले गेलो. बारा खाटा होत्या. वरचे मोठे डॉक्टर सकाळी एकदा येऊन जात, एरवी आम्हीच तिथले मोठे. मला तर त्या दिवसांत स्वतःचीच भीती वाटायची, की आपल्या हातून आज कोण जाणार.

त्या विभागाच्या खिडक्या वर्तमानपत्रं चिकटवून बंद केलेल्या होत्या. चोवीस तास ट्यूबलाइट. ऑक्सिजनचा फस्स आवाज एकसारखा चालू. जंतुनाशकाचा उग्र वास, त्याखाली घामाचा, आणि मास्कच्या आत आपल्याच शिळ्या श्वासाचा. आत शिरलं की बाहेर ऊन आहे की अंधार, हे विसरायला होई. पेशंटना आम्ही पालथं झोपवत असू, फुप्फुसाला बरं पडतं म्हणून. त्यामुळे दारात उभं राहून पाहिलं की बारा खाटांवर बारा पाठी दिसत.

आणि आमच्याही पाठीच. पांढरं किट चढवलं की डॉक्टर, सिस्टर, झाडणारी मावशी, सगळे एकाच साच्यातले. कोण कोण आहे हे कळावं म्हणून पाठीवर काळ्या मार्करनं नाव लिहायची पद्धत पडली. आता आपल्या पाठीवर आपल्याला लिहिता येत नाही. ते दुसऱ्यानंच लिहायचं. किट चढवायच्या खोलीत कुणी पाठ करून उभं राहिलं, खांद्यावरून मार्कर मागे धरला, की मागचा माणूस तोंड न बघता नाव लिहून मोकळा होई. महिनाभर माझ्या पाठीवर प्रेमदास लिहायचा आणि त्याच्या पाठीवर मी. एकदा त्या गाढवानं माझ्या नावाखाली 'स्थळ पाहणे आहे' असं लिहिलं, आणि मी सहा तास तसाच फिरलो. चार नंबरची म्हातारीसुद्धा मास्कच्या आत हसत होती. कुणीतरी तिला वाचून दाखवलं असणार.

मार्कर मात्र दोन दिवसांत संपत. तेव्हा आम्ही दोघं मोटारसायकलवर जवळा बाजारला गेलो, अर्धं शटर उघडून बसलेल्या एका दुकानदाराकडून डबाभर मार्कर आणले. डबा उघडला तेव्हा एक जागा रिकामी होती. प्रेमदास म्हणाला, "एक कमी दिला ना बे त्यानं." तेवढ्यासाठी कोण परत जातो?

चार नंबरची म्हातारी म्हणजे धुरपताबाई. सेनगावकडची, शेतकरी घरातली, तोंडाची पक्की. मार्कर आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावत होतो तर ती म्हणाली,

"लेकरा, तुमच्यातला तो एक डॉक्टर बोलत काहून न्हाई?"

"कोणता, आजी?"

"त्योच, बिनानावाचा. समद्याच्या पाठीवर लिव्हलेलं हाय. त्याच्या पाठीवर काईच न्हाई."

"तुम्हाला वाचता येतं?"

"वाचता न्हाई येत. पन काळं-पांढरं तर दिसतंय ना मला."

मी हसलो. ती हसली नाही. आवाज खाली घेऊन म्हणाली, "काल मास्तराच्या खाटंवर बसला व्हता… पाठ करून. हात मागं करून पेन देला. मास्तरनं लिव्हलं त्याच्या पाठीवर… आपलंच नाव लिव्हलं असंल. दुसरं काय लिव्हतंय मानूस. आन् सकाळी मास्तर गेले."

पाच नंबरचे संतराम मास्तर खरंच सकाळी गेले होते. काल बरे होते, चहा मागत होते.

"मंग माज्याकडं आला. मला बी पेन देऊ लागला. मी म्हनलं, बाबा, आपला अंगठा हाय, मला लिव्हता येत न्हाई. तवा उठला आन् गेला."

ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भास होतात. हे पुस्तकात आहे आणि मी ते रोज बघत होतो. तिच्या पाठीवर थोपटून मी पुढच्या खाटेकडे गेलो. पण संध्याकाळी सुनिता सिस्टर माझ्याजवळ आल्या. शांत बाई, वीस वर्षं नोकरी झालेली.

"सर, मास्तरांना गुंडाळताना एक पाहिलं. उजव्या हाताच्या बोटांना काळी शाई होती. आत त्यांना पेन कुणी दिला?"

त्यानंतर पाच दिवसांत तिघं गेले. तिघांच्याही बोटांना शाई होती. त्यात एक तलाठी, एक कॉलेजची पोरगी, एक किराणावाला. मी कुणाला काही बोललो नाही. मार्करचा डबा मात्र कुलूप लावून ठेवायला लागलो.

आणि मग प्रेमदास पडला.

तीन दिवस अंगावर ताप काढून ड्यूटी करत होता, मला कळू दिलं नाही. चौथ्या दिवशी जिन्यात खाली बसला तो उठलाच नाही. सहा नंबरच्या खाटेवर त्याला मी स्वतः निजवलं. गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली त्याचा बाप बाबूसिंग घोंगडी टाकून बसला होता. तांड्यातला पहिला डॉक्टर तो पोरगा. मी बाहेर गेलो तसा म्हातारा उभा राहिला. लांबूनच हात जोडले. जवळ यायची सोय नव्हती.

"आमी इथंच हाव, साहेब. तुमी फक्त बराबर सांगत जा. खोटं नका सांगू."

"काका, त्याला मी घरी धाडतो. शब्द देतो."

असा शब्द डॉक्टरनं देऊ नये. मी दिला.

प्रेमदास पडल्यावर माझ्या पाठीवर लिहायला तो राहिला नाही. सुनिता सिस्टर लिहायच्या. त्या दिवशी दुपारी दोनला ड्यूटी बदलायच्या वेळी मी किटच्या खोलीत घाईनं शिरलो. दोन रात्री झोप नव्हती. प्रेमदासचा ऑक्सिजन सकाळपासून अठ्ठ्याऐंशीच्या वर जात नव्हता, डोक्यात तेवढा एकच आकडा घोळत होता. खोलीत कुणीतरी किट घालून, माझ्याकडे पाठ करून उभं होतं. पाठ कोरी होती. त्यानं खांद्यावरून मार्कर मागे धरला.

मी घेतला आणि लिहिलं.

महिनाभर माझा हात त्या खोलीत एकच नाव लिहीत आला होता. तेच लिहिलं. प्रेमदास. लिहिताना एवढंच जाणवलं की टेकू लागत नाही. आत माणूस असला की मार्कर पाठीवर टेकतो, हाडं लागतात. इथं उशीवर लिहिल्यासारखं झालं. तो आत गेला. मी माझं किट उचललं, एक पाय घातला, आणि तेव्हा मला कळलं की मी काय लिहिलं आणि प्रेमदास कुठे आहे.

चेन अर्धीच लावून मी आत धावलो. मार्कर हातातच होता.

सहा नंबरच्या खाटेवर, प्रेमदासच्या पायाशी, तो बसला होता. पाठीवर माझं अक्षर. पडद्यावरचा आकडा उतरत होता… ऐंशी, शहात्तर, बहात्तर. आकडा उतरतो तसा त्या यंत्राचा टिक-टिक सूरही खाली उतरतो. तो सूर मला आजही झोपेत ऐकू येतो. सुनिता सिस्टर नळी तपासत होत्या. नळी ठीक होती, मास्क ठीक होता, सिलिंडर भरलेला होता.

"बाजूला व्हा ना सर, जागा द्या," असं त्या त्यालाच म्हणाल्या. त्यांना तो दिसत होता. त्यांना तो आमच्यातलाच एक वाटत होता.

त्याचं तोंड बघायचं म्हणून मी खाटेला वळसा घालून पलीकडे गेलो.

पलीकडूनही पाठच होती. तेच नाव, तेच माझं अक्षर.

पासष्ट. प्रेमदासचे ओठ निळे पडायला लागले होते. मी पुढे झालो आणि त्या नावावर मार्करनं काट मारली. एकदा, दोनदा, काळं होईपर्यंत. आकडा एकसष्टवर थांबला. वर मात्र चढेना. आणि तो उठेना. बसूनच राहिला. मग त्याचा हातमोजा घातलेला हात मागे आला आणि माझ्याकडे उघडा राहिला, जसे दुकानदारासमोर आपण सुट्ट्यासाठी हात पुढे करून थांबतो. त्याला नाव हवं होतं. कोणतंही चाललं असतं.

धर्मसिंगभाऊंना मी खोटं सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. मी मान वळवून खाटांकडे पाहिलं. अकरा माणसं होती, त्यांतली निम्मी तशीही जाणार होती. चार नंबरवर धुरपताबाई कुशीवर होऊन माझ्याकडेच बघत होती. तिला लिहिता येत नव्हतं, पण मला येत होतं. तिचं नाव माझ्या हातात आलं होतं, पहिलं अक्षर काढायला मी मार्कर टेकवलाही होता. ती नुसती बघत राहिली. याची लाज मी मरेपर्यंत बाळगणार आहे.

मग मी रामप्रसाद लिहिलं. माझं नाव.

सूर वर चढला. सदुसष्ट. चौऱ्याहत्तर. त्र्याऐंशी. सुनिता सिस्टर म्हणाल्या, "आलं, सर, आलं," आणि रडायला लागल्या. मी पडद्यावरून नजर वळवली तेव्हा खाटेच्या पायथ्याशी कुणी नव्हतं, चादरीवर बसल्याची घडीही नव्हती.

पुढचे पंधरा दिवस मी मरायची वाट बघत होतो. रोज ताप मोजायचा, रोज बोटाला यंत्र लावायचं. मला साधी सर्दी झाली नाही. प्रेमदास एकोणिसाव्या दिवशी बापाच्या खांद्यावर हात ठेवून गेटबाहेर पडला. धुरपताबाईही गेली, कागदावर अंगठा उमटवून. जाताना माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "चांगलं न्हाई केलं लेकरा, आपलं नाव दिऊन."

तेव्हा मला तिचं बोलणं कळलं नाही. जीव वाचला, मित्र वाचला, आणखी काय हवं होतं?

कळलं ते वर्षानं, गोरेगावच्या बाजारात. जवळच्या एका तांड्यावरचा वसराम म्हणून एक माणूस भाजीच्या ढिगावरून उठून आला आणि माझ्या पाया पडला.

"साहेब, बा गेला तवा तुमी शेवटपर्यंत बसले. लई उपकार झाले."

मी त्याच्या बापाला कधी पाहिलं नव्हतं. त्याचं घरही मला माहीत नव्हतं.

"मी नव्हतो हो."

"तुमीच ना साहेब. पांढरा डगला व्हता, पाठीवर नाव व्हतं. नाव वाचलं म्हणून तर आमी आत येऊ देलं. बा नं सही बी केली तुमच्या पेनानं."

त्यानंतर तसे आणखी भेटत गेले. हिंगोलीत, औंढ्यात, एकदा तर परभणीच्या रेल्वेत. कुणाची आई, कुणाचा भाऊ. सगळे आभार मानायचे. रामप्रसाद डॉक्टर म्हणजे देवमाणूस, बोलावल्याशिवाय येतो, गुपचूप बसतो. आधी त्याची पाठ कोरी होती, लोक बिचकत होते. आता तिच्यावर माझं नाव होतं, आणि नावाखाली लिहायला जागा होती. माझ्या नावामुळे त्याला घराघरांची दारं उघडली. तेव्हापासून मी पेन ठेवत नाही. कुणी माझ्याकडं मागितला तरी देत नाही.

एकाच गोष्टीचा आधार होता. आईला लिहिता येत नव्हतं. नर्मदाबाई, अंगठा. साठीला आली तरी अंगठाच. घरी गेलो की मी तिच्या अंगठ्याकडं बघायचो आणि बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात आरोहीनं तिला सही शिकवली. म्हातारीनं पाटीवर रोज संध्याकाळी गिरवलं आणि मी गेलो तेव्हा कौतुकानं समोर धरलं. मी पाटी हिसकावून फोडली. आई त्या रात्री जेवली नाही. "माझ्या लेकराला माझं शिकनं बघवत न्हाई," असं म्हणत राहिली. तिला काय सांगणार होतो मी?

जीप सेनगावच्या पुढे आली होती. धर्मसिंगभाऊंनी गाडीचा वेग वाढवला होता.

"आन् आज काय झालं, साहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

आज दुपारी दोन वाजता मी ओपीडीत होतो. आईला सकाळपासून बारीक ताप होता, म्हणून विचारायला फोन केला. तिनं उचलला. आवाज प्रसन्न होता.

"काय रे… इथं बसून फोन काहून करून राहिला?"

"आई, मी हिंगोलीत आहे."

"चल, चेष्टा नको करू. आला तवापासून पाठ करून बसलास. तोंड तर दाखव. अजून राग हाय का पाटीचा?"

मी खुर्चीवरून उठलो. "आई… त्यानं काही दिलं का तुला?"

"तूच देलास की पेन." ती हसली. "मला कळलं रे. माफी मागायची ही तऱ्हा हाय तुझी. सही बघायची ना माझी? थांब, हलू नको… हे बघ, 'न' झाला."

मी ओरडलो असेन. सिस्टर पळत आल्या. पलीकडून आईचा आवाज फोनपासून लांब गेला, कुणाशी तरी लाडानं बोलल्यासारखा, आणि फोन कट झाला.

धर्मसिंगभाऊंनी करकचून ब्रेक दाबला. पुढे सोयाबीनची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली होती, चाक निखळलेलं. मी खाली उडी मारली, पुढे धावलो, दोन गड्यांना हाताला धरून पोती बाजूला ओढायला लावली. एक बाजू कशीबशी मोकळी झाली. मी परत वळून जीपकडे यायला लागलो आणि मग पुन्हा ट्रॉलीवाल्याला हात करायला मागे फिरलो.

"साहेब…"

धर्मसिंगभाऊ खाली उतरले होते. दार धरून उभे होते. माझ्या तोंडाकडं बघत नव्हते.

"काय?"

"तुमी गाडीत चढले ना… तवा तुमच्या शर्टाला मागून शाई दिसली मला. एकच अक्षर व्हतं. 'न'. मला वाटलं, पेन गळला." त्यांनी माझ्या पाठीकडं बोट केलं. "आता 'नर्मदा' झालंय."

मी हात मागे नेला. शर्ट पाठीला ओला चिकटला होता, घामानं असेल. बोटं समोर आणून पाहिली. काळी होती, शाई अजून ताजी होती.

आईला सही करायला वेळ लागतो. एकेक अक्षर ती थांबत थांबत काढते, जीभ दातात धरून. तिचं पूर्ण नाव नर्मदाबाई. दोन अक्षरं राहिली होती, आणि गोरेगाव अजून नऊ किलोमीटर होतं.